पाच फुटांवर मुरूम

३ फेब्रुवारी, मंगळवार

आण्णांची तूर एकदाची निघाली, म्हणून आज चिकलठाण्याच्या प्लॉटवर खड्डा घेता आला. तीन महिने उशिरा. त्यांच्या मंगल कार्यालयाचं इस्टिमेट मी नोव्हेंबरातच देऊन बसलेय आणि त्यात पाया पाच फूट धरलाय. आज पाच फुटांवर काळी माती. आठवर काळी माती. दहावर विटांचे तुकडे, राख, टायर, एक बायकी चप्पल. चौदा फुटांवर जेसीबीचा हात संपला, भराव संपला नाही.

जेसीबीवाला बबन खाली उतरून म्हणाला, "आण्णा, हितं कवातरी खाण व्हती बगा. मुरूम काढून नेलाय अन् कचरा भरलाय."

आण्णांनी त्याच्या कानाखाली वाजवली. चेहऱ्यावर राग नव्हता. डास मारावा तशी मारली. बबनची टोपी खड्ड्यात पडली, ती काढायला तो उतरला नाही.

मी टेप गुंडाळत राहिले. आण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, चहा घेऊन जा मॅडम. घेतला. गोड होता.

५ फेब्रु., गुरुवार

काल जेसीबीपेक्षा लांब हाताचं पोकलेन आणलं. एकोणीस फुटांवर मुरूम, पाया टेकवायला घट्ट थर. सव्वीस कॉलमपैकी बारा भरावात येतात.

आता स्वतःशी खरं बोलावं. आपल्याकडे सगळे असंच करतात. प्लॉट बघायचा, शेजारी नुकतं कुणाचं बांधकाम झालंय ते बघायचं, तिथल्या मिस्त्रीला फोन लावायचा: मुरूम कितीवर लागला? शेजारच्या शोरूमचा मिस्त्री म्हणाला पाच. मी पाच लिहिलं. वीस वर्षं असंच लिहितेय आणि वीस वर्षं बरोबर आलंय. शेवटी एक ओळ असते, 'पाया प्रत्यक्ष खड्डा घेऊन ठरेल.' ह्या वेळी ती ओळ नाही. का नाही? दिवाळीनंतरचा आठवडा, तीन आर्किटेक्टांची कामं एकदम, लेकीचा, गौरीचा ताप... कारणं शोधत बसलेय. गाढव.

त्या कागदावरचा आकडा आर्किटेक्ट हाश्मी सरांनी आण्णांच्या घरी चहा पिताना सांगितला. "दोन दहामध्ये बसवतो." दोन कोटी दहा लाख. थोरला भाऊ दत्ताभाऊ आणि म्हातारी आई समोर होते. त्याच आठवड्यात दोघा भावांची वाटणी झाली. कन्नडची ओलिताखालची सगळी जमीन दत्ताभाऊंना, जालना रोडचा हा प्लॉट आण्णांना. दोन दहा हा आकडा ऐकून आण्णांनी कन्नडची जमीन सोडली.

९ फेब्रु., सोमवार

नवं इस्टिमेट पूर्ण. दोन अठ्ठेचाळीस. चार वेळा तपासलं. कमी करायला काय उरलंय? वरचा मजला काढला तर राहायच्या खोल्या जातात, आणि खोल्या नाहीत तर वऱ्हाड कुठं ठेवणार? फरशी हलकी केली, पीओपी काढलं, गच्चीवरची शेड काढली. दोन एकोणचाळीस. जमिनीखालचं काही कमी होत नाही. तिथं कुणाची दयामाया चालत नाही.

सरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, मी बोलतो आण्णांशी. अकरा वर्षं ह्या उस्मानपुऱ्याच्या ऑफिसात माझं टेबल सरांच्या टेबलाला लागून आहे. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही 'हे तुझ्यामुळे' म्हटलेलं नाही. आजही नाही. म्हणायला हवं होतं.

११ फेब्रु., बुधवार

आज ऑफिसात घडलं ते लिहून ठेवते.

साडेअकराला आण्णा आले, बरोबर दोन माणसं. सरांनी चहा सांगितला आणि सगळं समजावलं. खड्ड्याचे फोटो, बारा कॉलम, नवा आकडा. आण्णांनी फोटो एकेक करून बघितले. शेवटी एकच विचारलं, "दोन धा कोण बोललं व्हतं माझ्या घरी?"

सर म्हणाले, "मी."

मी चार फुटांवर बसले होते. नोव्हेंबरची फाइल माझ्या मांडीवर, पहिल्या पानावर माझी सही.

फरशीच्या नमुन्यांच्या रॅकवरून आण्णानं ग्रॅनाइटचा तुकडा उचलला. सरांचा उजवा हात नकाशावर होता. एका माणसानं मनगट दाबून धरलं. तीनदा मारलं. पहिल्यांदा सर ओरडले, दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा नाही. मग तोंडावर. चष्म्याची काच भुवईत घुसली. दुसऱ्यानं नकाशे छापायचा प्लॉटर ढकलून पाडला, मॉडेलवर पाय दिला. थर्माकोलचं कार्यालय, तीन आठवड्यांचं काम, पापडासारखं मोडलं.

मी ओरडले. सोडा त्यांना, सोडा. खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. पण चार शब्द बोलायचे होते, 'आकडा माझा आहे, आण्णा', ते तोंडातून निघाले नाहीत. भीती वाटली. माझ्या बोटांची भीती वाटली.

यापुढे ह्या वहीत आण्णाला 'ते' म्हणणार नाही.

१२ फेब्रु., गुरुवार

सरांची तीन बोटं मोडलीत, भुवईला सहा टाके. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडलो. भाभी, सरांच्या मिसेस, माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरचा तक्ता वाचला, सगळा.

कालच खाली जमलेल्या गर्दीत दोघांनी विचारलं होतं, मारणारा कोण, मार खाणारा कोण. नावं ऐकली आणि लगेच फोन बाहेर काढले. सरांनी ते पाहिलं होतं, रक्त डोळ्यात उतरत असताना पाहिलं होतं. आज म्हणाले, "केस केली तर चार दिवसांत हे भांडण पायाचं राहणार नाही, वैशाली. दुसऱ्याच कशाचं तरी होईल. मेरेकू नक्को वो."

खरं आहे.

संजयला घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणून त्यानं पहिलं काय विचारावं? "तुझं नाव कुठं आलं नाही ना?" नाही म्हटलं. "मग गप्प बस." आणि डबा घेऊन कंपनीत गेला. त्याच्या पाठीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात पोळपाट होता. खाली ठेवला.

१४ फेब्रु., शनिवार

आज गौरीला मारलं. ती नववीत आहे. घनफळाचं गणित घेऊन आली, आई, खोली किती धरू? एवढंच विचारलं तिनं. मी वही हिसकावून तोंडावर मारली, मग हातानं मारलं. तिचा ओठ फुटला. ती रडलीही नाही, नुसती बघत राहिली. आजवर कधी बोट लावलं नव्हतं.

आण्णानं मारलेलं माझ्या हातापर्यंत आलं. बबन, सर, गौरी. पुढं कुणाचा नंबर?

तिला जवळ घेऊन माफी मागितली. ती म्हणाली, असू दे. 'असू दे' ऐकून जास्त लागलं.

१७ फेब्रु., मंगळवार

आण्णा घरी आला! एकटा. स्वच्छ पांढरे कपडे, पायात नवी चप्पल, हातात दहा किलो तूरडाळ. त्याच प्लॉटातली तूर, घरी भरडलेली. गौरीनं पाणी दिलं तर 'सुखी राहा बाळा' म्हणाला. संजय हात जोडून उभा.

म्हणाला, सरांना लागलं त्याचं वाईट वाटलं, पण माणसानं शब्दाला जागावं. मग कामाचं बोलला. त्याला जुनाच कागद नव्यानं हवाय. पाया पाच फूट, एकूण दोन दहा, तारीख ह्या महिन्याची, माझी सही, सरांचा शिक्का. कशाला? भावाला दाखवायला, की प्लॉट चांगला आहे, बांधकाम ठरल्याप्रमाणे होतंय. दत्ताभाऊंच्या कानावर खाणीचं गेलंय आणि गावात हसू होतंय. मी म्हटलं, आण्णा, पाच फुटांवर बांधलं तर बसेल ते. भरलेल्या लग्नात बसेल.

"पायाचं मी बगतो मॅडम. तुमी कागदाचं बगा."

दुसरा मिस्त्री ठरलाय. दोन मार्चला सोमवारी पाच फुटांवर पाया घ्यायला सुरुवात. कागद शुक्रवारी, सत्तावीसला हवा.

ह्याला अजूनही वाटतं की आकडा सरांचा आणि माझी नुसती सही; पाच माझे आहेत हे माहीत नाही. मला विश्वासातली समजून आला होता.

१८ फेब्रु., बुधवार

करून पाहिलं. खोटं कशाला बोलू. शीटमध्ये बारा ठिकाणी एकोणीस खोडून पाच टाकलं. खोदाई कमी, काँक्रीट कमी, सळई कमी, खाली एकूण दोन दहा. पाच मिनिटं लागली नाहीत. किती शहाणं दिसत होतं ते पान! नोव्हेंबरातही असंच शहाणं दिसलं असणार.

आठशे माणसांचा हॉल. पंगत बसलेली, वर वऱ्हाड, खाली वीटकूट आणि टायर. मी पान फाडलं, फाइलही पुसली. संजय म्हणतो, सही करून टाक, कागदानं इमारत पडत नाही. ह्याच्या कंपनीत ह्याला सुपरवायझर कुणी केलं?

डाळीची पिशवी गॅलरीत तशीच आहे. शिजवणार नाही.

२१ फेब्रु., शनिवार

बबनचा फोन. टोपी गेली त्या दिवसापासून त्यानं आण्णाचं काम सोडलंय, पण गाव एकच, त्याला सगळं कळतं. काल संध्याकाळी प्लॉटवर वाटणीवरून दोघं भाऊ भिडले. दत्ताभाऊ म्हणाले, वाटणी झाली ती झाली, खाण आता तुझी. आण्णानं सेंट्रिंगचा लोखंडी पाइप घेतला. पहिला खांद्यावर, दुसरा डोक्यात. म्हातारी आडवी गेली, तिला ढकललं. दत्ताभाऊ बेशुद्ध, मेंदूवर सूज आहे म्हणतात.

"आन् मॅडम, दवाखान्यात घरच्यांनी सांगितलं, पायरीवरून पडले."

इथंही पायऱ्याच. ह्या शहरातल्या पायऱ्या एकदा तपासायला हव्यात.

मी दोन बोटांत पेन धरून एक आकडा लिहिला. तो चालत चालत एका माणसाच्या कवटीपर्यंत गेला. पाइप आण्णाचा आहे, मला कळतं. तरी नोव्हेंबरचं पान पुन्हा काढून बघितलं.

२३ फेब्रु., सोमवार

सरांच्या घरी गेले. प्लास्टर कोपरापर्यंत. डाव्या हातानं कप धरायला शिकताहेत, अर्धा चहा बशीत. विचारलंच. त्या दिवशी 'मी' का म्हणालात?

सर म्हणाले, "आकडा तू काढला, हौ. पण खड्डा कुठाय हे मी विचारायला पायजे होतं. आर्किटेक्ट मी आहे का तू?" मग जरा वेळानं, "आणि तुला मारलं असतं तर मी काय केलं असतं? मी पण गप्पच बसलो असतो बहुतेक."

हे मला बरं वाटावं म्हणून बोलले की खरंच, कळलं नाही. मी रडले. भाभींनी शिरखुर्म्याचा बाउल आणून ठेवला, कुणाला तरी नातू झालाय म्हणून केलेला. खाल्ला. भूकही निर्लज्ज असते.

सरांना म्हटलं, शुक्रवारी मी जाऊन सांगते. नको म्हणाले, तीनदा. शिक्का मात्र कपाटातून काढून भाभींकडे दिला. मी न विचारता घेऊन जाईन अशी भीती वाटली की काय?

२७ फेब्रु., शुक्रवार

डावा कान बंद आहे. आत शिट्टी वाजतेय. क्रमानं लिहिते, नाहीतर विसरेन.

सकाळी दहाला प्लॉटवर पोचले. आण्णा, तीच दोन माणसं, नवा मिस्त्री, आणि सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आण्णाची आई, मथुराबाई, मनगटाला फडकं बांधलेलं. आण्णानं कागदासाठी हात पुढं केला. मी दोन अठ्ठेचाळीसचा, काहीही न कापलेला कागद दिला. त्यानं खालचा आकडा बघितला.

म्हटलं, "दोन दहा सरांचे नव्हते. माझे होते. खड्डा न घेता मी पाच फूट लिहिलं. सरांची बोटं तुम्ही फुकट मोडली."

त्यानं मारलं. उघड्या पंजानं, कानावर. मी गुडघ्यावर बसले. आवाज गेला आणि मग एकदम खूप आवाज आला. बबनला लागलं तेव्हा मी टेप गुंडाळत होते, हे त्या क्षणी आठवलं.

मग म्हातारी बोलली. उजव्या कानानं सगळं ऐकलं मी. "खाण व्हतीच की हितं. रोड झाला तवा ह्याच्या बापानं मुरूम इकला. ह्यानंच ट्रका मोजल्या, कालेजात जात व्हता तवा. थोरला तिकडं कन्नडला व्हता. ह्याला काय ठाव न्हाई?" आणि माझ्याकडे वळून, "पर बाई, तू मला का गं नाय इचारलंस?"

मिस्त्रीला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं. जिची जमीन तिला नाही विचारलं. दोन दहा सांगितले त्या दिवशी चहा तिच्याच हातचा प्याले होते.

आण्णाला ठाऊक होतं. रस्त्यालगतचा प्लॉट पदरात पाडून घ्यायला तो गप्प बसला आणि माझ्या पाचाच्या आड लपला. खाण माहीत असूनही प्लॉट घेतला, हे बाहेर येऊ नये म्हणून ज्याला त्याला मारलं. तो आईकडे गेला आणि त्यानं खुर्चीला लाथ घातली. म्हातारी मातीत. तोंडावर पडली, हात पुढं करायलाही वेळ मिळाला नाही.

माझ्या हातात तीस मीटरची टेप होती, लोखंडी, जड. मी उठले आणि ती त्याच्या तोंडावर मारली. जोर लावून, पूर्ण हात मागं नेऊन. गाल फाटला. दुसऱ्यांदा उचलली तर मिस्त्रीनं मला धरलं. त्या दोन माणसांनी मला हात लावला नाही. एक म्हातारीला उचलत होता. म्हणाला, "मॅडम, निघा आता. लवकर."

स्कूटर कशी चालवली, आठवत नाही.

२८ फेब्रु., शनिवार

कानाचा पडदा फाटलाय. आण्णाच्या गालाला टाके पडले म्हणे, बबन सांगत होता. ते माझे. लाज वाटते का, हे दोनदा स्वतःला विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'नाही'. गौरीला मारल्याची वाटते, ह्याची नाही.

चौकीत तक्रार दिली. डॉक्टरला मी जिना सांगितला नाही, माणूस सांगितला, नावासकट. संजय आला नाही, गौरी आली. लिहून घेणारे हवालदार भले वाटले. भांडण कशावरून? म्हटलं, पायावरून. म्हणजे? म्हणजे खड्डा न घेता इस्टिमेट दिलं मी, साहेब. त्यांनी ते तसंच लिहिलं. स्वतःच्या चुकीखाली सही केली.

आण्णाचीही तक्रार आलीय, बाईनं लोखंडी वस्तूनं हल्ला केला. साक्षीदार तीन. माझ्या बाजूनं कोण? बबन येतो म्हणाला, पण तो शुक्रवारी तिथं नव्हता. मथुराबाई पोराविरुद्ध बोलणार नाही. दत्ताभाऊ शुद्धीवर आलेत, पायरीच म्हणताहेत. हवालदार म्हणाले, ऑफिसातला मार लिहायचा तर हाश्मी साहेबांनी स्वतः येऊन सांगायला हवं, दवाखान्याच्या कागदावर जिना आहे. पाया धोक्याचा आहे असा आर्किटेक्ट म्हणून त्यांचा जबाब आला तर कामही थांबवता येईल, नाहीतर हे दोघांतलं भांडण.

सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं. 'बघतो' म्हणाले. फोनवर मागं भाभींचा आवाज, नको नको.

२ मार्च, सोमवार

चौकीतल्या बाकावर बसून लिहितेय. हवालदारांनी सरांना अकराची वेळ दिलीय.

नऊ वाजता बबनचा फोन आला, चिकलठाण्याला मशीन लागलं. सव्वीस खड्डे, सगळे पाच फुटांचे. संध्याकाळपर्यंत खोदाई, उद्या सकाळी काँक्रीट. एकदा काँक्रीट पडलं की कोण उकरायला जातंय.

अकरा वाजले. सव्वाअकरा. भाभींना फोन लावला, उचलला नाही. सर आले नाहीत तर मी त्यांना दोष देणार नाही, हे इथं लिहून ठेवते, नंतर मन फिरेल म्हणून. मला चार शब्द बोलायला सोळा दिवस लागले. त्यांना तर स्वतःच्याच तोंडचा जिना मागं घ्यायचाय, आणि तोही फोन काढणाऱ्या त्या गर्दीसमोर.

समोरच्या बाकावर आण्णाचा माणूस बसलाय, म्हातारीला उचलणारा. माझ्याकडे बघत नाही. मीही नाही.

पावणेबारा. फाटकापाशी रिक्षा थांबली, दुसरंच कुणीतरी उतरलं. हवालदार बाहेर येऊन विचारून गेले, मॅडम, जबाब एकाचाच लिहायचा ना? म्हटलं, दोन कागद ठेवा.